कोकण रेल्वेचा रूट बनवताय? झाडं लावण्याआधी हे करा

संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमधल्या रूटवर रूळ बरोबर, सिग्नल बरोबर, स्टेशनच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा बरोबर. आणि बोगद्यातून गाडी बाहेर आली की समोर थेट युरोपातलं सूचिपर्णी जंगल! सिम्युलेटरसोबत आलेली फुकटची झाडं हाताशी असतात, वेळ कमी असतो, आणि मग रत्नागिरीच्या कातळावर पाइन उगवतात. दुसरा प्रकार याहून वाईट, कारण तो चटकन लक्षात येत नाही: झाडं सगळी कोकणातली, पण सगळीकडे सारखीच. सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) माड, खाडीत आंबा, कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलेल्या जागेच्या, उभ्या भिंतीवर फणस.

झाडाची निवड जमिनीवरून होते, हे एकदा पटलं की पुढचं काम बरंच सोपं जातं. खालचे टप्पे ओपन रेल्स हा सिम्युलेटर आणि रूट बनवायचा टीएसआरई एडिटर धरून लिहिले आहेत. ट्रेन्झ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये काम करणाऱ्यांनी साधनांचे तपशील सोडून द्यावेत, बाकीचं जसंच्या तसं लागू पडतं.

टप्पा 1: साल आणि महिना कागदावर लिहा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. कोकण रेल्वेचं संपूर्ण विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पूर्ण झालं. तुमचा रूट 2010 चा असेल आणि गाडीला डिझेल इंजिन असेल, तर झाडं रुळाच्या बरीच जवळ येऊ शकतात. बोगद्याच्या तोंडावर फांद्या ओणवलेल्याही चालतील. रूट 2023 चा असेल तर वर 25 किलोव्होल्टची तार आहे आणि तिच्या आसपास वाढणारी फांदी नियमितपणे छाटली जाते. म्हणजे एकाच जागेसाठी दोन वेगळ्या लागवडी. मधल्या कुठल्यातरी सालाचा रूट केलात तर तो कुठल्याच सालाचा दिसत नाही.

महिन्याचंही तसंच. मुख्य रूप पावसाळी ठेवायचं की उन्हाळी, ते आत्ताच ठरवा.

टप्पा 2: किलोमीटरनुसार जमीन वाचा

वही घ्या, प्रत्येक किलोमीटरला एक ओळ द्या आणि डावी बाजू, उजवी बाजू वेगळी लिहा. उपग्रहाचा नकाशा आणि इंजिनातून किंवा दारातून घेतलेले प्रवासाचे व्हिडिओ, दोन्ही समोर ठेवा. नुसत्या उपग्रहावर विसंबू नका. ढग नसलेली छायाचित्रं बहुधा दिवाळीनंतर ते मे या काळातली असतात, त्यामुळे कोकण आहे त्यापेक्षा कोरडं आणि विरळ दिसतं. जुन्या सालाचा रूट असेल तर गूगल अर्थमध्ये मागच्या तारखेची छायाचित्रं काढून बघा. आज जिथे काजूची बाग आहे तिथे तेव्हा उघडा डोंगर असू शकतो.

झाडांची नावं या टप्प्यावर लिहायची नाहीत. फक्त जमीन लिहायची. माझ्या वहीत साधारण हे प्रकार येतात.

सडा, म्हणजे वरचं जांभ्याचं पठार. इथे मोठं झाड जवळजवळ नसतं. पावसात पोपटी गवत, दिवाळीनंतर सोनेरी, मार्चनंतर काळपट उघडा कातळ. मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, आणि कुठेतरी कातळ फोडून लावलेली हापूसची कलमं. कलमांच्या बागेभोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली बुटकी भिंत, असतोच. तो विसरलात तर बाग बागेसारखी दिसणार नाही.

वाडी आणि परसू. घर, कौलं, माड, पोफळी, फणस, केळी, आणि जवळून वाहणारा एखादा पऱ्या (ओढा). पोफळीला पाणी आणि सावली लागते. पऱ्यापासून दूर, उघड्या उतारावर पोफळी लावली की कोकणातला माणूस तिथेच हसतो.

भातखाचरं. मळ्यात झाड नसतं, बांधावर असतं. तेही अख्खं नाही. भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी) ऐन आणि किंजळाच्या फांद्या दरवर्षी तोडतात, त्यामुळे ही झाडं खांबाला ठिकठिकाणी पानांचे झुबके चिकटवल्यासारखी दिसतात. असं छाटलेलं ऐनाचं झाड कुठल्याच तयार संचात मिळत नाही. ते स्वतः बनवा. एका झाडाच्या या कष्टाने भातशेतीचा प्रत्येक कोपरा ओळखीचा वाटू लागतो.

डोंगरउतार. ऐन, किंजळ, कुंभा, कुडा, साग, पळस, सावर, पांगारा, मधे बांबूची बेटं. हे मिश्र आणि बहुतांशी पानगळीचं रान आहे, एकसंध हिरवी भिंत नव्हे.

खाडी. भरतीचं पाणी येतं तिथे कांदळवन. थिवी ते करमळीदरम्यान मांडवी ओलांडताना ते छान बघायला मिळतं: बुटकं, गर्द, आणि वरची कड जवळजवळ एका पातळीत कापल्यासारखी.

कटिंग आणि भराव. कटिंगच्या भिंतीवर गवत, पावसाळ्यात नेचे आणि तेरडा, वरच्या काठावर रानमोडी आणि टणटणी. भरावाच्या पायथ्याशी लागवडीची झाडं: ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, कुठे सुरूचं झाड.

देवराई वेगळी नोंदवा. देवळाभोवतीचा उंच, सदाहरित, अंधारा पुंजका. मोजकीच ठेवा, पण जिथे खरोखर आहे तिथे नक्की ठेवा. आजूबाजूचं रान एप्रिलमध्ये उघडं पडलेलं असताना ती हिरवीच राहते, त्यामुळे मैलभरावरून ओळखू येते.

*तपासणी:* वही बंद करा आणि कुठलाही एक किलोमीटर आठवून तोंडी सांगा. ‘दोन्हीकडे हिरवळ’ एवढंच सांगता आलं, तर ती ओळ पुन्हा लिहायची.

टप्पा 3: बारा ते पंधरा झाडं निवडा, आधी आकारावरून

चाळीस जातींचा संच गोळा करण्याचा मोह आवरा. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून पान दिसत नाही, बाह्याकृती दिसते. म्हणून आधी आकार ठरवा: कलमासारखा बसका घुमट, माडासारखा किंचित कललेला खांब आणि वर छत्री, पोफळीसारखी सरळ काठी, सावरीसारख्या आडव्या मजल्यांच्या फांद्या, बांबूचं कारंजं, काजूचा जमिनीला टेकलेला पसारा, कांदळाची बुटकी भिंत. प्रत्येक आकाराला एक-दोन जाती, मुख्य जातींच्या दोन-तीन आवृत्त्या, बस्स.

चाचणी अशी: झाडाचं चित्र 32 पिक्सेल उंचीवर आणा आणि पूर्ण काळं करा. तरीही माड माड वाटला तर घ्या. परदेशी संचांतले बरेचसे ‘पाम’ इथेच नापास होतात. ते शोभेचे किंवा खजुराच्या जातीचे असतात, बुंधा जाड आणि झावळ्या आखूड. कोकणात असा एक जरी उभा केला तरी रूट दुबईचा वाटतो.

दुसऱ्या कुणाचं झाड वापरत असाल तर सोबतची परवानगीची फाइल आधी वाचा. फुकट वापरायला दिलं म्हणजे आपल्या रूटसोबत वाटायलाही दिलं, असं होत नाही.

टप्पा 4: टेक्स्चर नीट करा

टेक्स्चर म्हणजे झाडावर चढवायचं चित्र. त्यासाठी स्वतः फोटो काढणं सर्वांत उत्तम. ढगाळ दिवशी, दुरून झूम करून, मागे आकाश येईल अशा जागेवरून. भर उन्हातला फोटो घेतलात तर सावली चित्रातच अडकते आणि सिम्युलेटरमधला सूर्य दुसऱ्या बाजूला असला की झाड खोटं वाटतं.

चित्राची बाजू 512 किंवा 1024 पिक्सेल ठेवा, दोनाच्या घातातच. पुढच्या तीन चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणून जरा तपशिलात.

पहिली, पांढरी किनार. पार्श्वभूमी कापून टाकली तरी पारदर्शक भागाखाली मूळ पांढरा रंग शिल्लक असतो. झाड लांब गेलं, चित्र लहान झालं की तो रंग कडांवर पाझरतो आणि दूरच्या डोंगरावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: पारदर्शक भागाखाली पानांचाच सरासरी हिरवा भरा.

दुसरी, तरंगणारं झाड. चित्रात बुंध्याखाली रिकामी जागा राहिली की झाड तेवढं जमिनीच्या वर उभं राहतं. बुंधा चित्राच्या तळकडेला टेकलाच पाहिजे. बाजूंना आणि वरही मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर दिलेली उंची आणि दिसणारी उंची जुळत नाही.

तिसरी, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या झाडांचे वेगवेगळे हिरवे. सगळी चित्रं एका ओळीत लावून एकदम बघा. एखादं निऑनसारखं उठून दिसत असेल तर त्याचा भडकपणा उतरवा. खरा हिरवा आपल्याला वाटतो त्याहून मळका असतो.

टप्पा 5: मापं ठरवा

ढोबळ मापं, मीटरमध्ये. माड 15 ते 20 उंच, वरची रुंदी 7-8. पोफळ 12 ते 15, रुंदी जेमतेम 2 ते 2.5. हापूसचं कलम 8 ते 10 उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद. काजू 6 ते 8, रुंदी उंचीइतकी किंवा जास्तच. फणस 15 च्या आसपास. न छाटलेला ऐन 20 च्या पुढे, छाटलेला 8 ते 10. करवंदीची जाळी 2 च्या आत.

तुलनेला एक पक्कं माप रुळावरच आहे: विजेची संपर्क तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर असते. तुमचं कलम त्या तारेच्या खाली संपत असेल तर ते कलम नाही, कुंडीतलं झाड आहे.

लहानमोठेपणाचा पल्ला मूळ मापाच्या 0.8 ते 1.2 पट पुरतो. तो 0.4 पर्यंत खाली नेला की झाड तरुण होत नाही, बोन्साय होतं, कारण बुंधा आणि पानंही त्याच प्रमाणात आकसतात. लहान झाड हवं असेल तर लहान झाडाचाच फोटो घ्या.

टप्पा 6: लागवड, पण रूळ आणि जमीन पक्की झाल्यावरच

*सावधान:* चढ-उतार, कटिंग, भराव, पूल, खांब आणि सिग्नल पूर्ण झाल्याशिवाय एकही झाड लावू नका. मी एकदा नऊ किलोमीटरची लागवड उत्साहाने उरकली आणि मग चढ चुकल्याचं लक्षात आलं. जमीन खाली घेतल्यावर सुटे लावलेले दोनशे माड हवेत लटकत राहिले. ते उतरवायला लावण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

आता क्रम: दूरचं आधी, मधलं नंतर, जवळचं शेवटी. उलट केलंत तर रुळाकाठीच सगळी ताकद खर्च होते आणि मागचा डोंगर टकला राहतो.

*दूरचं.* रुळापासून 300-400 मीटरच्या पुढे फॉरेस्ट चौकटी, म्हणजे एकदम अनेक झाडं भरणारे चौकोन, वापरा. त्यातली झाडं एकपदरी, म्हणजे एकाच सपाट पट्टीवरची, चित्रं असतात, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहतात आणि जमिनीच्या चढउतारानुसार बसतात. चौकट 100 ते 200 मीटर बाजूची ठेवा. खूप बारीक चौकटींची गर्दी केली की संगणकावरचा भार वाढतो. डोंगरउतारावर हेक्टरी 250 ते 400 झाडं मला पुरेशी वाटतात. दोन वेगळ्या जातींच्या चौकटी एकमेकींवर थोड्या चढवा, म्हणजे चौकोनी कड लपते. कड लपली की नाही ते वरून नाही, इंजिनातून बघा.

*मधलं.* इथे बागा येतात आणि इथेच आकडेमोड लागते. हापूसची पारंपरिक लागवड 10 × 10 मीटरवर, म्हणजे हेक्टरी 100 कलमं. माड 7.5 × 7.5 वर, हेक्टरी सुमारे 175. पोफळी 2.7 × 2.7 वर, हेक्टरी साडेतेराशेच्या घरात. सागाची लागवड 2 × 2 वर असते. तुमची आंब्याची बाग 150 × 80 मीटरची असेल तर 120 कलमं पुरतात, आणि 40 × 30 च्या छोट्या पोफळीच्या बागेला मात्र 165 लागतात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: आंब्याचं जंगल आणि पोफळीचं माळरान.

फॉरेस्ट चौकट झाडं विस्कटून लावते, रांगेत नाही. जुन्या परसातल्या माडांना ते चालतं. कलमांना आणि पोफळीला चालत नाही, तिथे रांग दिसलीच पाहिजे. प्रत्येक कलम हाताने लावण्याऐवजी पाच कलमांची एक रांग हीच एक वस्तू बनवा आणि ती फिरवून-फिरवून वापरा. जमीन उताराची असेल तर रांग तीन कलमांचीच करा, नाहीतर टोकाचं झाड जमिनीत रुततं.

*जवळचं.* रुळापासून 30-40 मीटरच्या पट्ट्यात एकपदरी चित्रं नकोत. गाडी जवळून जाताना ती आपल्याबरोबर वळतात आणि डोळ्याला खटकतं. इथे दोन-तीन पदरी किंवा पूर्ण त्रिमितीय झाडं हाताने लावा. संख्या कमी, पण प्रत्येकाची जागा विचारपूर्वक. खरं सांगायचं तर या पट्ट्यात झाडांपेक्षा गवत, रानमोडी आणि गिरिपुष्पाचं कुंपण जास्त असतं. झुडपांना कमी लेखू नका. तार असलेल्या रूटवर मोठ्या झाडाचा बुंधा रुळाच्या मध्यापासून 8 ते 10 मीटरच्या आत मी आणत नाही.

ओपन रेल्समध्ये फॉरेस्ट चौकटीतली झाडं रुळापासून किमान किती मीटर दूर राहावीत, हे रूटच्या मुख्य ट्रॅक फाइलमध्ये लिहिता येतं. रस्त्यांवरची झाडं काढण्याची सोयही तिथेच आहे. मात्र हा नियम चौकटींपुरताच. हाताने लावलेलं झाड रुळाच्या मधोमध असलं तरी कुणी हटवणार नाही.

*तपासणी:* उक्षी ते भोके या टापूत करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्याच्या वरच्या डोंगरावर रुळाच्या रेषेत झाडांविना पट्टा पडलाय का, ते बाहेरच्या कॅमेऱ्याने बघा. पडला असेल तर तेवढी झाडं हाताने भरा.

उंच पुलांसाठी एक वेगळी खबरदारी. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाची उंची 64 मीटर आहे. तिथून नजर थेट शेंड्यांवर पडते आणि उभी चित्रं कागदाच्या पट्ट्यांसारखी दिसतात. पुलाच्या दोन्ही बाजूंना दरीत शेंड्याला आडवा पदर असलेली झाडंच लावा. हे कष्ट मोजक्या पुलांपुरतेच घ्यायचे आहेत.

टप्पा 7: ऋतू

सिम्युलेटरचे ऋतू चार आणि युरोपचे: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. आपले तीन. नावांना भुलून समरमध्ये उन्हाळ्याची झाडं घातली की पुढे सगळं फसतं, कारण समरची चित्रं हीच मूळ फोल्डरमधली चित्रं असतात. दुसऱ्या ऋतूचं चित्र लागू झालं नाही की तीच दिसतात. म्हणून मूळ रूप पावसाळी ठेवा.

माझी वाटणी अशी. समर म्हणजे पावसाळा. ऑटम म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी: गवत सोनेरी, रान अजून हिरवं, शेवटी आंब्याला मोहोर. विंटर म्हणजे फेब्रुवारी ते मे: साग आणि ऐन निष्पर्ण, सावर, पांगारा आणि पळस लाल-केशरी, एप्रिलनंतर बहावा पिवळा. स्प्रिंगमध्ये ऑटमचीच नक्कल टाकून ठेवा.

विंटरच का? जमिनीच्या टेक्स्चरला स्प्रिंग आणि ऑटमचे पर्याय नसतात, फक्त बर्फाचा असतो. विंटर निवडला की हवा स्वच्छ असली तरी जमीन त्या बर्फाच्या फोल्डरमधूनच येते. तिथे बर्फाऐवजी करपलेलं गवत आणि तापलेला जांभा ठेवला की झाडांसोबत जमीनही बदलते. नाहीतर एप्रिलमध्ये निष्पर्ण सागाखाली हिरवंगार गवत दिसतं. ही वाटणी सोबतच्या सूचनांत ठळकपणे लिहा, नाहीतर तुमच्या रूटवर दुसरा कुणी कामगिरी (खेळायचा ठरावीक प्रवास) बनवताना मे महिन्यासाठी समर निवडेल. आकाशातला सूर्य मात्र डिसेंबरचाच राहतो आणि सावल्या थोड्या लांब पडतात. तेवढं मी चालवून घेतो.

*सावधान:* रुळांची चित्रंही विंटरमध्ये बर्फाचा पर्याय शोधतात. तिथे साध्या खडीची नक्कल ठेवा, नाहीतर मे महिन्यात रत्नागिरी स्टेशनात बर्फ पडेल. हवामानात ‘स्नो’ कधीही निवडू नका.

फॉरेस्ट चौकटींतली झाडं ऋतूचं चित्र आपोआप उचलतात. सुट्या झाडांना त्यांच्या सोबतच्या वर्णन-फाइलमध्ये पर्यायी टेक्स्चरचा आकडा 252 द्यावा लागतो. तो 0 राहिला असेल तर डोंगर उन्हाळी आणि रुळाकाठ पावसाळी, अशी गंमत होते. सदाहरित झाडांचं, म्हणजे माड, पोफळ, फणस आणि देवराईचं, चित्र बदलायचं नाही, पण तेच चित्र प्रत्येक ऋतूच्या फोल्डरमध्ये ठेवायला विसरू नका.

टप्पा 8: गाडी चालवून बघा

एडिटरमधून वरून बघून समाधान मानू नका. इंजिनात बसा आणि दोन्ही दिशांनी चालवा. जाताना सिग्नल स्वच्छ दिसतो आणि येताना वळणावरचा माड नेमका त्याच्या आड येतो, हे हटकून होतं. प्रत्यक्षातही सिग्नल झाकणारी फांदी तोडतात, तेव्हा तुम्हीही तो माड निःसंकोच काढा.

मग डब्याच्या खिडकीतून बघा, कारण इंजिनातून बाजूचा मधला पट्टा नीट दिसतच नाही. एकाच झाडाची तीच कललेली आवृत्ती ओळीने तीनदा दिसली तर मधलं फिरवा किंवा बदला. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवतात. तो वेग धरून एकदा चालवा. 100 च्या वेगात खपून गेलेली रुळाकाठची पांढरी किनार आणि तरंगणारी झुडपं तेव्हा सापडतात.

फ्रेमचा वेग (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) अचानक पडला तर झाडांची संख्या कमी करण्याआधी वेगवेगळी टेक्स्चरं आणि सुट्या वस्तू किती आहेत ते मोजा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. शेवटी रात्री हेडलाइट लावून एक फेरी मारा. जे झाड दिव्याशिवायही अंधारात उजळलेलं दिसेल, त्याच्या प्रकाशाची मांडणी चुकली आहे. त्याचं नाव वहीत लिहा आणि सकाळी दुरुस्त करा.